लोणारचे विवर आणि आघाताचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर महाराष्ट्राला परिचित आहे ते खाऱ्या पाण्यामुळे, दैत्यसूदन आणि कमळजादेवी यांच्या मंदिरांमुळे आणि जून २०२० मध्ये पाण्याला आलेल्या गुलाबी रंगामुळे. भूवैज्ञानिकांच्या लेखी मात्र हे सरोवर म्हणजे एका नैसर्गिक आपत्तीचा पंचनामा आहे. आकाशातून आलेली एक अशनी दख्खनच्या काळ्या पाषाणावर आदळली आणि काही सेकंदांत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरच्या आसपास खोल विवर तयार झाले. त्या वेळी तेथे वस्ती असती तर काय झाले असते, हा प्रश्न पूर्वी कादंबरीकारांचा होता. आता त्याचे उत्तर संगणकावर काढता येते.

पूर, चक्रीवादळ, दरड आणि भूकंप यांची संगणकीय प्रारूपे आपल्याला ऐकून माहीत आहेत. अशनीपात ही त्या यादीतील सर्वांत दुर्मीळ, पण एका अर्थाने सर्वांत हिशेबी आपत्ती होय. लघुग्रह वेळेत दृष्टीस पडला तर तो कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या पट्ट्यात येणार हे अनेक वर्षे आधी सांगता येते. भूकंपाबाबत असे आजही कोणाला सांगता येत नाही. हे सांगणारी सॉफ्टवेअर यंत्रणा गेल्या दोन दशकांत बरीच प्रगल्भ झाली. इशारा मिळाल्यानंतरची यंत्रणा मात्र तेवढ्या वेगाने पुढे गेली नाही, आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

विवर हीच कसोटी

ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये लोणारची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असा समज होता. भोवताली सर्वत्र लाव्हारसाचाच खडक असल्याने तो गैरही म्हणता येत नाही. अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तेथे विंधनछिद्रे घेऊन केलेला अभ्यास १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा हा वाद निकाली निघाला. खडकातील स्फटिकांचे प्रचंड दाबाखाली काचेत रूपांतर झाले होते. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, तो अतिवेगवान आघातातच निर्माण होतो.

बेसॉल्ट खडकातील इतके सुस्थितीतील आघात विवर पृथ्वीवर क्वचितच आढळते. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचा मोठा भाग याच खडकाचा आहे. त्यामुळे लोणारकडे जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांचा ओढा आहे, आणि आघाताचे प्रारूप लिहिणाऱ्यांनाही त्याचा उपयोग आहे.

अशा प्रारूपांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मूळ भौतिकशास्त्रातून सुरुवात करणारा. त्यात अशनी आणि जमीन यांची लाखो लहान घरांत विभागणी केली जाते आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशाने पुढे सरकत प्रत्येक घरातील दाब, घनता आणि तापमान काढले जाते. लॉस अलामोस येथे १९८० च्या सुमारास तयार झालेल्या 'सेल' या आज्ञावलीतून पुढे विकसित झालेले 'आयसेल' हे त्यातील प्रसिद्ध नाव. एका आघाताच्या गणनेला त्यात तासच्या तास, कधी दिवसही लागतात. दुसरा प्रकार झटपट अंदाजाचा. गॅरेथ कॉलिन्स, जे मेलोश आणि रॉबर्ट मार्कस यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सूत्रांवर चालणारी प्रणाली इंटरनेटवर कोणालाही वापरता येते. अशनीचा व्यास, घनता, वेग, कोन आणि आपण उभे असलेले अंतर भरले की विवराचा आकार, जमिनीचा हादरा, हवेचा दाब आणि उष्णता यांचे आकडे समोर येतात.

दोन्ही प्रकारांची परीक्षा घ्यायची ती प्रत्यक्षातील विवरांवर. ॲरिझोनातील विवर सुमारे १.२ किलोमीटर रुंद असून ते पन्नासेक मीटरच्या लोखंडी अशनीने, सुमारे दहा मेगाटन ऊर्जेने घडले असावे, असा अंदाज आहे. लोणारचे विवर त्याहून रुंद आहे. येथील अशनी लोखंडी नव्हे तर खडकाळ जातीची असावी, असे वितळलेल्या गोळ्यांच्या रासायनिक तपासणीवरून काही संशोधकांनी म्हटले आहे. विवराबाहेर फेकल्या गेलेल्या मालाच्या मांडणीवरून ती पूर्वेकडून तिरकस आली असावी, असाही निष्कर्ष निघाला आहे. प्रारूपाने या साऱ्या खुणा पुन्हा उमटवून दाखवल्या, तरच त्याने वर्तवलेल्या भावी आघातावर विश्वास ठेवता येतो.

एका बाबतीत मात्र लोणार आपले गुपित सहज सोडत नाही. उष्मादीप्तीच्या पद्धतीने १९९७ मध्ये विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. आर्गॉन पद्धतीने २०११ मध्ये ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. ही दहापटीहून मोठी तफावत पर्यटकाला गंमतीची वाटेल. पण असा आघात किती हजार वर्षांतून एकदा होतो हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी ती गंमत नाही. आपत्तीच्या प्रत्येक प्रारूपाच्या मुळाशी असा एखादा हळवा आकडा असतो. पडद्यावरील रंगीत नकाशा मात्र तो दाखवत नाही.

शक्यता वाढते कशी, शून्य होते कशी

आता इशाऱ्याकडे वळू. जगात कोठेही नवा लघुग्रह दिसला की त्याची निरीक्षणे अमेरिकेतील केंब्रिज येथील मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. तेथून नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील दोन प्रणाली ती उचलतात. नुकत्याच दिसलेल्या, अद्याप निश्चित न झालेल्या वस्तूंसाठी 'स्काउट' आहे आणि पुढील शंभर वर्षांतील धोका तपासण्यासाठी 'सेंट्री'. सेंट्री २००२ पासून चालू असून २०२१ मध्ये तिची दुसरी, सुधारित आवृत्ती आली. सूर्याच्या उष्णतेमुळे लघुग्रहाला मिळणारा अतिसूक्ष्म धक्काही ती हिशेबात धरते. युरोपातही अशीच गणना स्वतंत्रपणे होते. दोन्हीकडची उत्तरे जुळवून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो फार मोलाचा आहे.

या प्रणाली एकच कक्षा काढत नाहीत. निरीक्षणांत थोडी चूक गृहीत धरून त्या हजारो 'आभासी लघुग्रह' तयार करतात आणि प्रत्येकाला भविष्यात धावू देतात. त्यांतील किती पृथ्वीवर येतात त्यावरून शक्यता ठरते. जे येतात त्यांची पडण्याची ठिकाणे नकाशावर मांडली की एक लांबच लांब, अरुंद पट्टा दिसतो. त्यालाच धोक्याचा पट्टा म्हणतात.

येथे वाचकांचा हमखास गोंधळ होतो. शंभर एकरांच्या शिवारात कोठेतरी दगड पडणार आहे आणि आपली विहीर त्या शिवारात आहे, असे समजू. अधिक माहिती मिळून शिवार दहा एकरांवर आले आणि विहीर अजूनही आतच असली, तर तिचा धोका दहापट झाला. पुढे शिवार एका एकरावर आले आणि विहीर बाहेर पडली, तर धोका एकदम संपला. म्हणजे पुढे निर्धोक ठरणाऱ्या लघुग्रहाचा धोकाही काही काळ वाढतच जातो. यात शास्त्रज्ञांचे काही चुकलेले नसते. गणित नेमके असेच चालते.

'२०२४ वायआर४' या लघुग्रहाबाबत हेच घडले. चिलीतील दुर्बिणीतून २७ डिसेंबर २०२४ रोजी तो सापडला. त्याचा आकार सुमारे साठ मीटर, म्हणजे स्थानिक पातळीवर मोठा संहार घडवण्याएवढा. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारी २०२५ मध्ये एक टक्क्यावर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचली. या आकाराच्या लघुग्रहाबाबत याआधी इतकी शक्यता कधीच नोंदवली गेली नव्हती. धोक्याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरातून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्या पट्ट्यात मुंबईचाही समावेश होता. आठवडाभरात नवी निरीक्षणे आली आणि पृथ्वीपुरता धोका जवळपास शून्यावर आला. मुंबईकरांनी ही बातमी करमणूक म्हणून वाचली आणि ते लोकलच्या गर्दीत विसरूनही गेले. त्यात गैर काही नाही. पण पट्ट्याची लांबी काही महिने तशीच राहिली असती, तर कोणत्या कार्यालयाने काय करायचे होते?

असाच प्रसंग २००४ मध्ये आला होता. ॲपोफिस या लघुग्रहाची २०२९ मधील धडकेची शक्यता २७ डिसेंबर २००४ रोजी २.७ टक्क्यांवर गेली. त्याच्या आदल्या दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती, त्यामुळे त्या आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ॲपोफिस पुढे निर्धोक ठरला; १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल आणि पूर्व गोलार्धात अनेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसेल. त्सुनामीचा इशारा मात्र कोणालाच मिळाला नाही, कारण हिंदी महासागरात तशी यंत्रणाच नव्हती.

अल्प मुदतीचा इशाराही आता जमू लागला आहे. ६ ऑक्टोबर २००८ रोजी दिसलेला चारेक मीटरचा '२००८ टीसी३' वीस तासांच्या आत सुदानच्या वाळवंटावर फुटला, आणि वर्तवल्याप्रमाणेच फुटला. त्यानंतर २०२४ अखेरपर्यंत आणखी दहा लहान लघुग्रह पडण्यापूर्वी टिपले गेले. परंतु २०२२ मध्ये त्यांतील एकाचा सुगावा केवळ दोन तास आधी लागला होता. मोठ्या लघुग्रहांपैकी बहुतेक माहीत झाले आहेत. लोणार घडवणाऱ्या आकाराच्या, पन्नास ते शंभर मीटरच्या पट्टीतील लघुग्रहांपैकी मात्र फारच थोडे सापडले आहेत. पृथ्वीजवळ येणाऱ्या ज्ञात लघुग्रहांची संख्या २०२५ च्या अखेरीस ४० हजारांवर गेली, तरीही या पट्टीतील बराच मोठा वाटा अंधारातच आहे.

किती दूरपर्यंत

धडकेचे ठिकाण कळले तरी नुकसान किती, हा प्रश्न उरतो. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील प्रणाली त्यासाठी लाखो काल्पनिक आघात चालवून पाहते, कारण अशनीची घनता आणि बळकटी यांची आधी खात्री नसते. ती हवेच्या धक्क्याच्या चार पायऱ्या धरते. चौरस इंचाला एक पौंड जादा दाब असेल तर खिडक्यांच्या काचा फुटतात. दोन पौंडांना घरांची बरीच मोडतोड होते. चारला बहुतेक घरे पडतात. दहाला वाचण्याची आशा नसते. ऊर्जा आठपट झाली की यातील प्रत्येक पायरीचे अंतर दुप्पट होते, आठपट नव्हे. त्यामुळे वस्तुमानाच्या अंदाजात बरीच चूक झाली तरी इशाऱ्याचा घेर तितका चुकत नाही. नियोजन करणाऱ्यांना हा दिलासाच आहे.

दहा मेगाटनांच्या आसपासचा आघात लोणारवर झाला असे धरले, तर तालुक्याचा बराचसा भाग पूर्ण नाशाच्या घेरात येईल आणि काचा फुटण्याचा घेर तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत जाईल. मेहकर त्यात येते; मराठवाड्याच्या बाजूला मंठाही येते. म्हणजे एका आघाताने दोन महसूल विभागांचे जिल्हे एकाच वेळी बाधित होतात. संगणकाला हद्द कळत नाही. नियंत्रण कक्षांना मात्र कळते.

इशाऱ्यानंतरचा प्रवास

आंतरराष्ट्रीय पातळीवर याची वाट आखलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीनुसार स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळे, दहा मीटरहून मोठ्या वस्तूची शक्यता एक टक्क्यावर गेली की अधिकृत सूचना काढते. वायआर४ बाबत २९ जानेवारी २०२५ रोजी अशी सूचना निघाली. अंतराळ संस्थांचा दुसरा गट लघुग्रहाला वळवण्याच्या मोहिमांचा विचार करतो. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' यानाने डायमॉर्फस या लहान पिंडाला धडक देऊन त्याच्या परिभ्रमणाचा काळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. वळवणे शक्य आहे याचा तो पुरावा ठरला. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या परिषदेत काल्पनिक लघुग्रहाची तालीमही घेतली जाते. २०१५ च्या तालमीत लघुग्रहाचा मुख्य भाग वळवला गेला, पण सुटलेला तुकडा ढाक्याच्या परिसरावर आला. २०१९ च्या तालमीत तो न्यूयॉर्कवर आला. शास्त्रज्ञांनी स्वतःच रचलेल्या गोष्टीचाही शेवट सुखाचा करता आला नाही, ही बाब बोलकी आहे.

भारतात बंगळूरु येथील इस्रोचे अंतराळ सुरक्षाविषयक केंद्र २०२२ पासून कार्यरत आहे. लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी उभारलेली स्वयंचलित दुर्बीण लघुग्रहांचाही पाठपुरावा करते. इशारा देशात आल्यानंतर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ लागू होतो. राष्ट्रीय आणि राज्य प्राधिकरणांनंतर प्रत्यक्ष कामाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणावर येते. इशारा लोकांपर्यंत नेण्यासाठी 'सचेत' ही प्रणाली आहे. ती ज्या सामाईक इशारा पद्धतीवर चालते, त्या पद्धतीत प्रत्येक संदेशात आपत्तीची तीव्रता, निकड, खात्री आणि नकाशावरील क्षेत्र ठरावीक रकान्यांत भरावे लागते. धोक्याचा पट्टा त्या रकान्यात सहज बसतो. २०२३ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांत मोबाइल मनोऱ्यांवरून असे संदेश पाठवण्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले आणि काही काळ घबराटही पसरली.

पण संदेश वाजल्यावर माणसाने जायचे कोठे? नेणार कोण, ठेवणार कोठे, जेवण कोण देणार आणि आपले माणूस कोणत्या छावणीत आहे हे नातेवाइकाला कोण सांगणार? हे काम समन्वयाच्या सॉफ्टवेअरचे. त्यातील गाजलेले उदाहरण त्याच २००४ च्या त्सुनामीतून जन्मले. श्रीलंकेतील संगणक अभियंत्यांनी काही दिवसांतच 'सहना' ही मुक्त प्रणाली उभी केली. सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा. बेपत्ता व्यक्तींची नोंद, छावण्यांची नोंद, मदतसंस्थांची नोंद आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ, एवढेच तिचे मूळ विभाग. कल्पना साधी आहे. पाच संस्था एकाच छावणीत कांबळी नेतात आणि शेजारच्या गावात कोणीच जात नाही, हे टाळणे. पाकिस्तानच्या २००५ च्या आणि हैतीच्या २०१० च्या भूकंपांतही तिचा वापर झाला. भारतात साधारण त्याच सुमारास आपत्तीकालीन साधनसामग्रीची जिल्हावार यादी इंटरनेटवर ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. कोणत्या तालुक्यात किती बोटी, किती क्रेन, कोणते तज्ज्ञ, अशी ती यादी. अशा यादीचे आयुष्य ती शेवटची कधी तपासली त्यावर ठरते. जेसीबी विकला गेला, मालकाचा फोन बदलला, की सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी त्याचे उत्तर चुकीचेच येणार.

महाराष्ट्राने ही उणीव किंमत मोजून अनुभवली आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. पुण्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गडप झाले, तेव्हा गाव दिसत नाही ही पहिली वर्दी दिली ती एस.टी. चालकाने. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. या शहरासाठी पूर-इशाऱ्याची 'आय-फ्लोज' ही संगणकीय प्रणाली सुरू झाली ती १२ जून २०२० रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी. पावसाच्या अंदाजापासून कोणत्या भागात किती पाणी साचेल आणि तेथे कोण धोक्यात येईल, इथपर्यंतचे सात विभाग तीत एकमेकांना जोडले आहेत. प्रारूप आणि प्रतिसाद एकाच ताटात वाढण्याचा हा राज्यातील सर्वांत ठळक प्रयत्न आहे. अशनीपातासाठी वेगळी प्रणाली उभारण्याची गरज नाही. अशाच प्रणालीला आणखी एक संकट शिकवावे लागेल.

आकाशातून वस्तू पडण्याचा अनुभवही विदर्भाला अलीकडेच आला. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आकाशात जळत जाणारे गोळे दिसले. लोकांना ती उल्का वाटली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी अग्निबाणाचा भाग असावा असे खगोलनिरीक्षकांनी कक्षेवरून सांगितले, आणि नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तुकड्यांची पाहणी केली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु जमलेल्या गावकऱ्यांना त्या तप्त, अनोळखी वस्तूजवळ जावे की जाऊ नये हे सांगणारा मजकूर कोणत्याही यंत्रणेकडे तयार असल्याचे दिसले नाही.

मजकूर ही किरकोळ बाब वाटते, पण तसे नाही. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी वीसेक मीटरची अशनी सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटली. ती सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसली नव्हती. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. डोळे दिपवणारा प्रकाश पाहून माणसे खिडकीशी धावली आणि हवेचा धक्का येईपर्यंत तेथेच उभी राहिली. प्रकाश आणि धक्का यांत दोन मिनिटांच्या आसपास अंतर होते.